एक्झॉस्टचा उष्ण ठसा कमी कसा करतात: नोझल, सप्रेसर आणि त्यातल्या भानगडी

अवरक्त

विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा एक्झॉस्ट (इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू) 'थंड करतात' असं सरसकट लिहिलं जातं. त्यामुळे होणारा गोंधळ निस्तरावा म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट, उष्णता नाहीशी करता येत नाही. जाळलेल्या इंधनातली जी ऊर्जा शाफ्टला किंवा थ्रस्टला (विमान पुढे ढकलणाऱ्या जोराला) लागली नाही, ती मागच्या बाजूने बाहेर पडणारच. आपल्या हातात तीनच गोष्टी आहेत: ती किती तापमानाला बाहेर पडते, कुठल्या दिशेला दिसते आणि कुठल्या तरंगलांबीत दिसते. बाकी सगळी यंत्रणा, सप्रेसर म्हणजे एक्झॉस्टवर बसवलेलं ठसा कमी करणारं साधनही, याच तिघांभोवती फिरते.

सीकरला, म्हणजे उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राच्या 'डोळ्याला', दिसणारे उष्ण स्रोतही वेगवेगळे धरावे लागतात. एक, तापलेला धातू, म्हणजे टर्बाइनचा मागचा भाग, टेलपाइप आणि नोझलच्या (झोत बाहेर सोडणाऱ्या तोंडाच्या) आतल्या भिंती. दोन, बाहेर पडलेला वायूचा झोत. तीन, विमानाची कातडी आणि तिच्यावरून परावर्तित होणारं ऊन. आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून थ्रस्ट वाढवणारी सोय) बंद असताना मागून पाहिलं तर पहिला स्रोत बाकीच्यांना झाकून टाकतो. बाजूने पाहिलं की धातू आड जातो आणि झोत उरतो.

आता आकडे. काळ्या पदार्थाचं (त्या तापमानाला जास्तीत जास्त किरण सोडणारा आदर्श पृष्ठभाग) ९०० केल्व्हिनला एकूण उत्सर्जन दर चौरस मीटरला सुमारे ३७,२०० वॅट. तोच पृष्ठभाग ४५० केल्व्हिनवर आणला की २,३२५ वॅट. तापमान निम्मं, उत्सर्जन सोळावा भाग. हे पाठ्यपुस्तकातलं झालं. सीकर मात्र संपूर्ण वर्णपट पाहत नाही. ३ ते ५ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात ९०० केल्व्हिनला सुमारे १३,३०० वॅट येतात आणि ४५० ला फक्त २४० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ५५ पट घट. ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात तोच बदल सुमारे ४,१०० वरून ६४० वर, जेमतेम साडेसहा पट.

म्हणून 'आमचा सप्रेसर ठसा इतके टक्के कमी करतो' असं कोणी म्हणालं की लगेच विचारायचं: कुठल्या पट्ट्यात आणि कुठल्या कोनातून? या दोन गोष्टींशिवाय त्या टक्केवारीला काही अर्थ नाही.

साशंक

आकडे पटले. पण मग एवढं अवघड काय आहे? बाहेरची थंड हवा हवी तेवढी मिसळा, तापमान खाली येईल. हेलिकॉप्टरला तर हवेचा तुटवडा नाही.

गॅस्केट

इथेच घोडं पेंड खातं. हेलिकॉप्टरपुरतं लिहितो.

मिसळण्याचा हिशेब सोपा आहे. ९०० केल्व्हिनचा एक भाग वायू आणि ३०० केल्व्हिनची एक भाग हवा, मिश्रण साधारण ६००. दोन भाग हवा घेतली तर ५००. तीन भाग घेतली तर ४५०. पहिला भाग ३०० अंश उतरवतो, दुसरा १००, तिसरा ५०. पुढे पुढे हाती काही लागत नाही आणि डक्टचा आकार मात्र वाढत जातो.

आता ही हवा ओढायची कशाने? जुन्या काही रचनांत इंजिनावर चालणारा पंखा होता. पंखा म्हणजे गिअरबॉक्स, बेअरिंग, वजन आणि बिघाडाची आणखी एक जागा. ए एच ६४ अपाचे हेलिकॉप्टरच्या 'ब्लॅक होल' सप्रेसरने तो पंखाच काढून टाकला. त्यात इंजिनाचा झोतच पंपाचं काम करतो. वेगाने जाणारा वायू भोवतालची हवा स्वतःबरोबर ओढतो, तोच इजेक्टर. यात हलणारा भाग एकही नाही.

पण झोताला वेग द्यायचा तर नोझल आवळावं लागतं आणि आवळलं की टर्बाइनच्या मागे दाब वाढतो. पॉवर टर्बाइनमध्ये (रोटरचा शाफ्ट फिरवणाऱ्या टर्बाइनमध्ये) वायू ४ बारवरून १ बारवर उतरतो असं धरा. मागचा दाब ३ टक्के वाढला, १.०३ बार झाला, तर शाफ्टवरची ताकद सुमारे १.८ टक्के घटते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण उंचावर, उन्हाळ्यात, पूर्ण वजन घेऊन स्थिर उभं राहायचं असतं तेव्हा इंजिन आधीच मर्यादेला टेकलेलं असतं. तिथे हे पावणेदोन टक्के थेट उचलण्याच्या वजनातून जातात. सप्रेसरचं स्वतःचं वजन त्यावर वेगळं.

दुसरी अडचण लांबीची. साध्या गोल इजेक्टरमध्ये दोन प्रवाह नीट मिसळायला नळी व्यासाच्या साधारण सहा-सात पट लांब लागते. हेलिकॉप्टरवर एवढी जागा नसते. म्हणून नोझलचा काठ पाकळ्यांसारखा दुमडतात. पाकळीमुळे गरम-थंड यांची संपर्करेषा लांबते आणि प्रत्येक पाकळीमागे भोवरे तयार होतात. मिसळणं व्यासाच्या दोन-अडीच पट लांबीत बरंचसं उरकतं. पाकळ्या फार खोल केल्या की घर्षण वाढतं, आतल्या वळणावर प्रवाह भिंत सोडतो आणि ओढलेली हवा उलट कमी होते. पाकळी जितकी खोल तितकी चांगली, असं नाही.

आणि जी हवा ओढतो ती ३०० केल्व्हिनची असेलच असंही नाही. बहुतेक ठिकाणी ती इंजिनाच्या कप्प्यातून ओढतात, म्हणजे कप्पाही थंड राहतो. पण तिथून येताना ती ३४० पर्यंत तापलेली असते. मग वरच्या हिशेबात ६०० ऐवजी ६२० येतात.

पंख्याचं पातं

गॅस्केट यांच्या प्रतिसादाला जोड. मिसळण्याआधी नजर अडवणं हे पहिलं काम. सप्रेसरचा आराखडा करताना माझ्या मते क्रम असा असावा:

आधी असं वळण द्या की बाहेरून कुठल्याही कोनातून टर्बाइन किंवा उघडी गरम भिंत दिसणार नाही. नंतर जी भिंत बाहेरून दिसणारच आहे, तिच्यावर थंड हवेचा पातळ थर सोडा. त्यानंतर झोत मिसळा. शेवटी बाहेरच्या आवरणाला आतल्या गरम पत्र्यापासून तोडा, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये हवेची फट किंवा निरोधक.

हा क्रम उलटा केला तर पैसे फुकट जातात. झोत कितीही गार केलात आणि मागून टर्बाइन दिसत राहिली, तर सीकरला फारसा फरक पडत नाही. टेलपाइपची पोकळी हाच मोठा घात आहे. पत्र्याची उत्सर्जकता (काळ्या पदार्थाच्या तुलनेत तो किती चमकतो ते प्रमाण) ०.८ असली तरी खोल पोकळीत किरण दहा ठिकाणी आपटून बाहेर येतो आणि पोकळीचं तोंड जवळजवळ पूर्ण काळ्या पदार्थासारखं वागतं. आत चकचकीत लेप देऊन फार काही साधत नाही ते यामुळेच. शिवाय हा लेप काजळीने काही तासांत काळा पडतो.

धूमकेतू७

झोताबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तापलेला धातू सगळ्या तरंगलांबींत कमी-जास्त चमकतो. वायू तसा चमकत नाही. केरोसीन जळून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते आणि हे रेणू ठरावीक पट्ट्यांतच उत्सर्जन करतात. वाफेचा एक ठळक पट्टा २.७ मायक्रॉनच्या आसपास, कार्बन डायऑक्साइडचा सगळ्यात जोरदार पट्टा ४.३ च्या आसपास.

आता गंमत. हवेतही कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो नेमका ४.३ लाच शोषतो. मग झोत आपोआप झाकला जायला हवा. अंशतः तसं होतंही. पण गरम वायूचा पट्टा थंड वायूच्या पट्ट्यापेक्षा रुंद असतो, कारण तापल्यावर रेणूंच्या वरच्या पातळ्या भरतात. मधला भाग हवा गिळते आणि दोन्ही कडा निसटतात. एक कडा ४.१७ मायक्रॉनच्या आसपास, दुसरी, जास्त मोठी, ४.४ ते ४.६ या भागात. सीकर याच कडांवर जगतो.

म्हणून झोत गार करण्याचा फायदा दुहेरी आहे. उत्सर्जन घटतं ते वेगळंच, शिवाय पट्टा अरुंद होऊन हवेच्या शोषणाखाली जास्त झाकला जातो. पण झोत गार करताना तो मोठाही होतो, हे विसरू नये. निम्म्या तापमानाचा तिप्पट रुंद ढग बाजूने पाहिला की अपेक्षेएवढी घट हाती येत नाही.

काजळीचंही असंच. जुन्या, धूर सोडणाऱ्या दहनकक्षांच्या झोतात काजळीचे कण असतात. ते घन पदार्थ असल्याने धातूसारखे सलग वर्णपटात चमकतात आणि हवेच्या खिडकीतून, म्हणजे हवा शोषत नाही त्या पट्ट्यांतून, सरळ निघून जातात. इंजिन स्वच्छ जळणं हाही ठसा कमी करण्याचा एक उपाय आहे, आणि त्यासाठी एक ग्रॅमही वजन वाढत नाही.

साशंक

एक शंका. ठसा दहा पट कमी केला तर सीकरचा पल्ला वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ पट कमी होणार ना? १० किलोमीटरवरून ३.२ वर?

अवरक्त

निर्वात पोकळीत हो. हवेत नाही, आणि हवा इथे आपल्या विरुद्ध जाते.

हवेतलं शोषण अंतराबरोबर घातांकी वाढतं. दूरच्या लक्ष्यासाठी ते आधीच आपल्या बाजूने काम करत असतं. ठसा घटवून सीकरला जवळ यायला लावलं की मधली हवा कमी होते आणि त्यातून त्याला थोडं परत मिळतं. उदाहरणादाखल दर किलोमीटरला ०.२ हा शोषण-गुणांक धरा. १० किलोमीटरवर जेवढा संकेत मिळत होता तेवढा, ठसा दहावा भाग झाल्यावर, ५.१ किलोमीटरच्या आसपास मिळतो. म्हणजे पल्ला निम्मा झाला, तिसरा हिस्सा नाही.

दमट हवेत गुणांक आणखी वाढतो, पल्ला मुळातच कमी होतो आणि सप्रेसरमुळे मिळणारं प्रमाणही घटतं. म्हणून सप्रेसरचा खरा उपयोग पल्ला कमी करण्यापेक्षा फ्लेअरच्या (सीकरला चकवायला सोडलेल्या जळत्या गोळ्याच्या) बाबतीत जास्त आहे असं माझं मत. फ्लेअरने सीकरला फसवायचं तर तो विमानापेक्षा कित्येक पट जास्त चमकायला हवा. विमान दहा पट मंद झालं की तेच फ्लेअर दहा पट प्रभावी. सप्रेसर नसलेल्या हेलिकॉप्टरवर हे प्रमाण जुळवणं फार अवघड जातं.

पंख्याचं पातं

या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. इतिहासही हेच सांगतो. १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये स्ट्रेला-२ हे खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र आलं. त्याचा सीकर न थंड केलेला लेड सल्फाइडचा, दोन मायक्रॉनच्या आसपास पाहणारा. त्याला मागून तापलेला धातूच लागायचा. यू एच १ हेलिकॉप्टरांवर मग एक्झॉस्ट वर वळवणारं जाड वळण बसवलं, सैनिकांनी त्याचं नाव 'टॉयलेट बाउल' ठेवलं. त्यात फारसं थंड होणं नव्हतं. धातू नजरेआड जायचा आणि झोत रोटरच्या वाऱ्यात मिसळायचा. त्या सीकरसाठी तेवढं पुरेसं होतं.

पुढे थंड केलेले इंडियम अँटिमनाइडचे सीकर आले. ए आय एम ९ एल या साइडवाइंडर क्षेपणास्त्राचा सीकर त्यातलाच. तो ४ मायक्रॉनच्या भागात पाहतो, म्हणून समोरूनही झोत आणि तापलेली कातडी त्याला पुरते. नुसतं वळण देऊन भागेना. यू एच ६० हेलिकॉप्टरचा हिर्स हा सप्रेसर, एम आय २४ हेलिकॉप्टरवर ऐंशीच्या दशकात आलेल्या एक्झॉस्टवरच्या पेट्या, या सगळ्या त्यानंतरच्या, मिसळण्यावर भर देणाऱ्या रचना. या दिशेने सगळ्यात पुढे गेलं ते आर ए एच ६६ कोमांची हेलिकॉप्टर. त्यात एक्झॉस्ट शेपटीच्या पोकळीत नेऊन मिसळायचे आणि लांबच लांब फटींतून खाली सोडायचे. ठशाच्या दृष्टीने रचना देखणीच. प्रकल्प २००४ मध्ये रद्द झाला.

नळकांडं

लढाऊ विमानांचं काय? तिथे इजेक्टरचं डबडं लावायला जागा नाही आणि थ्रस्टही गमवायचा नाही.

पंख्याचं पातं

तिथे तीन मार्ग: बायपास, नोझलचा आकार आणि आडोसा.

बायपास म्हणजे फॅनची, इंधन न जळता बाजूने गेलेली हवा गाभ्याच्या (इंधन जळतं त्या मधल्या भागाच्या) वायूत मिसळणं. गाभ्याचा वायू ९०० केल्व्हिन, बायपासची हवा ४०० केल्व्हिन, प्रमाण १:१ असेल तर मिश्रण ६५०. लढाऊ इंजिनांत बायपास फारच कमी असतो, एफ ४०४ इंजिनात तर हे प्रमाण सुमारे ०.३४. म्हणून हा उपाय ए १० सारख्या विमानाला जास्त लागू. त्याचं टी एफ ३४ इंजिन सहाच्या पुढच्या बायपासचं. शिवाय इंजिनं उंच ठेवलेली आणि झोत आडव्या शेपटीवरून, दोन उभ्या शेपट्यांच्या मधून जातो. खालून आणि बाजूने पाहणाऱ्याला नोझलचं तोंड बऱ्याच कोनांतून दिसतच नाही. आडोसा हा सगळ्यात स्वस्त सप्रेसर.

नोझल चपटं का करतात तेही आकड्यांत बघा. क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरा. गोल नोझलचा व्यास ६२ सेंटीमीटर आणि परीघ १.९४ मीटर. तेच क्षेत्रफळ १०:१ प्रमाणाच्या फटीत बसवलं तर उंची १७ सेंटीमीटर, रुंदी १.७३ मीटर आणि परीघ ३.८ मीटर. बाहेरच्या हवेशी संपर्क दुप्पट. झोताचा न मिसळलेला गाभा गोल नोझलमागे साधारण पाच व्यास, म्हणजे तीन मीटर लांब राहतो. फटीमागे तो पाच उंच्या, म्हणजे मीटरभरातच संपतो.

याची किंमत? गोल नळी आतला दाब नुसत्या ताणाने पेलते. सपाट भिंत त्याच दाबाला वाकते. म्हणून जाड पत्रा, मागे बरगड्या, आणि वजन. गोलातून चपट्यात जाताना कोपऱ्यात प्रवाह साचतो, तिथे थ्रस्ट जातो आणि भिंतीवर गरम डाग पडतात. एफ ११७ ने ही किंमत मुकाट्याने मोजली. आफ्टरबर्नर नाही, फट सुमारे दीड मीटर रुंद आणि काही इंचच उंच, खालचा ओठ पुढे काढलेला आणि त्यावर उष्णतारोधक टाइल्स. एफ २२ ने चौकोनी नोझल घेतलं, पण त्यातून थ्रस्ट वर-खाली वळवायचं कामही करून घेतलं. एफ ३५ गोल नोझलकडे परत आलं, काठाला करवतीसारखे दाते देऊन.

गॅस्केट

आणि बी २ या बॉम्बफेकी विमानाची शेपटीकडची पाटी विसरलात. नोझल पंखाच्या वर, काठापासून बरंच पुढे. खालून काही दिसत नाही. पण गरम झोत पंखाच्या मागच्या भागावरून घासत जातो आणि त्या टायटॅनियमच्या पाट्यांना तडे जातात. अमेरिकी हवाई दलाला या तड्यांचा बंदोबस्त करायला वेगळा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. ठसा लपवला, उष्णता रचनेच्या गळ्यात पडली.

वाय एफ २३ या प्रायोगिक लढाऊ विमानात याच जागी खोलगट पन्हळ होती आणि तिला लॅमिलॉयचं अस्तर, बारीक छिद्रांचे अनेक थर असलेला पत्रा. छिद्रांतून थंड हवा झिरपते आणि पृष्ठभागावर पसरते. थंड ठेवायला उत्तम. पण छिद्रं बुजली की तिथे गरम डाग पडणार, ही या सगळ्या झिरपत्या पृष्ठभागांची जात आहे.

नळकांडं

आफ्टरबर्नर चालू असताना काय करतात?

धूमकेतू७

काही नाही. झोत २,००० केल्व्हिनच्या आसपास आणि नोझलबाहेर कित्येक मीटर. त्यावर सप्रेसर नाही. आफ्टरबर्नर न वापरता स्वनातीत (आवाजापेक्षा वेगाने) जाता येणं हा एफ २२ चा ठशाच्या दृष्टीनेही फायदा.

तरी वेगाची एक वेगळी वसुली असतेच. ११ किलोमीटर उंचीवर हवा सुमारे २१७ केल्व्हिनची असते. माख ०.८ ला (आवाजाच्या ०.८ पट वेगाला) कातडी साधारण २४१ वर जाते, माख १.६ ला ३१५ वर, माख २ ला ३७१ वर. समोरून पाहणाऱ्या लांब तरंगलांबीच्या सेन्सरला मग एक्झॉस्टची गरजच उरत नाही.

साशंक

पाणी फवारलं तर? वाफ होताना भरपूर उष्णता खाते.

गॅस्केट

ही कल्पना दर काही दिवसांनी डोकं वर काढते, म्हणून एकदा हिशेबच मांडतो. मध्यम टर्बोशाफ्टचा (हेलिकॉप्टरच्या इंजिनाचा) एक्झॉस्ट सेकंदाला साडेचार किलो. तो ९०० वरून ६०० केल्व्हिनवर आणायला सुमारे १,४८५ किलोवॅट काढून घ्यावे लागतात. एक किलो पाणी तापून, वाफ होऊन, पुन्हा ६०० केल्व्हिनपर्यंत जाताना सुमारे ३ मेगाज्यूल घेतं. म्हणजे सेकंदाला अर्धा किलो, मिनिटाला तीस किलो. दहा मिनिटांचे तीनशे किलो, तेही एका इंजिनाचे. इजेक्टर तेच काम फुकटच्या हवेवर करतो. शिवाय वाफेचे स्वतःचे उत्सर्जनपट्टे आहेतच, ते वाढवून ठेवले.

आता देखभालीचं थोडं, कारण कागदावरचा सप्रेसर आणि पाचशे तास उडालेला सप्रेसर या दोन वेगळ्या वस्तू असतात.

प्रसरण. इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूचा एक मीटरचा डक्ट २० वरून ६०० अंश सेल्सियसला गेला की सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर कुठेतरी फाटणारच, आणि बहुतेक वेळा जोडपट्टीच्या वेल्डच्या कडेला. एक टोक पक्कं, दुसरं सरकतं, मध्ये सरकजोड किंवा घडीदार बेलो, हा नियम मोडू नये. तपासताना सरकजोडाच्या बाहीवर घासल्याची चकाकी दिसायला हवी. ती नसेल तर जोड जाम झाला आहे आणि तडा शेजारीच शोधा.

साहित्य. गरम भागाला टायटॅनियम लावून वजन वाचवण्याचा मोह होतो. साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास आणि पुढे पृष्ठभाग प्राणवायू शोषून ठिसूळ होतो. मिसळून झालेल्या भागाला टायटॅनियम चालेल, झोताच्या थेट तोंडावर नको. पत्र्याचा रंग पेंढ्यासारखा पिवळा ते निळा असेल तर काळजी कमी. राखाडी-पांढुरका, पापुद्रे सुटणारा असेल तर तो पत्रा गेला.

निरोधक. दोन पत्र्यांमधल्या तंतूंच्या गादीत तेल किंवा इंधन झिरपलं की ती वातच होते. सीलची गळती दिसली की गादी उघडून बघायची, बाहेरून पुसून सोडायची नाही. गादीच्या फॉइलला भोक पडलं असेल तर तिथून ओलावा शिरतो, वजन वाढतं आणि गंजही लागतो.

फटी. थंड हवेच्या थराच्या फटी एक-दोन मिलिमीटरच्या असतात. काजळी, वाळू, सुटलेले लेपाचे तुकडे त्यात अडकतात. एक फट बुजली तर तिच्या मागे लांबट पट्टा तापतो. थर्मल कॅमेऱ्यात तो प्रवाहाच्या दिशेने रेघोटीसारखा दिसतो. गोल डाग दिसला तर बहुधा फट नाही, मागचं निरोधक खचलं आहे.

नळकांडं

थर्मल कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर, चाचणी नेमकी कशी घ्यायची? साधा औद्योगिक कॅमेरा चालतो का?

अवरक्त

धातूसाठी चालतो, झोतासाठी नाही. साधे औद्योगिक कॅमेरे बहुतेक ८ ते १२ मायक्रॉनचे असतात. त्या पट्ट्यात एक्झॉस्टचा वायू जवळजवळ पारदर्शक असतो. पडद्यावर झोताच्या जागी तुम्हाला मागची भिंत दिसते आणि वाटतं, वा, झोत गार झाला. झोत मोजायचा तर ३ ते ५ मायक्रॉनचा, थंड केलेल्या डिटेक्टरचा कॅमेराच लागतो.

जमिनीवरची चाचणी अशी: यंत्र चालू करण्याआधी पार्श्वभूमीचं चित्र घ्या. इंजिन ठरलेल्या ताकदीवर नेऊन एक्झॉस्टचं तापमान आणि पत्र्यावरची थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) स्थिर होईपर्यंत थांबा. वायू लगेच स्थिर होतो, जाड जोडपट्ट्या कित्येक मिनिटं घेतात. त्याच अंतरावर, त्याच चित्रात, ज्ञात तापमानाचा संदर्भ-स्रोत ठेवा, म्हणजे मधल्या हवेची दुरुस्ती करता येते. मग मागपासून समोरपर्यंत दर १५ अंशांवर मोजा, वरून-खालून मिळतील तेवढे कोन वेगळे. प्रत्येक ठिकाणी डिटेक्टर संपृक्त झाला नाही ना, म्हणजे मोजण्याच्या वरच्या मर्यादेला अडकला नाही ना, ते बघा. टर्बाइन चुकून दिसते तिथे तो होतोच, आणि संपृक्त पिक्सेलची बेरीज म्हणजे खोटी कमी बेरीज.

उत्सर्जकतेची चूक दोन्हीकडून मारते. चकचकीत नवा पत्रा ०.२ ला असतो, तापून ऑक्साइड चढला की ०.८ च्या वर जातो. नव्या सप्रेसरवर घेतलेलं मोजमाप म्हणून फार छान दिसतं. आधी काही तास चालवून, पत्रा काळवंडू देऊन मगच मोजा. कमी उत्सर्जकतेचा रंग बाहेरच्या आवरणाला देणाऱ्यांसाठीही हेच: उत्सर्जन कमी म्हणजे परावर्तन जास्त. तो रंग ऊन परावर्तित करतो आणि पत्र्याची स्वतःची उष्णताही बाहेर पडू देत नाही, म्हणजे पत्रा आणखी तापतो. सावलीत मोजून रंग पास करू नका.

वाराही लिहून ठेवा. जमिनीवर मागून वारा असेल तर एक्झॉस्ट फिरून इनटेकमध्ये येतो. इनटेकची हवा एक अंश तापली तरी ताकद अर्धा-एक टक्का पडते, तीच ताकद राखायला जास्त इंधन जातं आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. मग दोष सप्रेसरवर ढकलला जातो.

साशंक

शेवटची शंका. हेलिकॉप्टरचा झोत वर सोडावा की बाजूला? वर सोडला तर रोटर त्याला खाली दाबून मिसळतो, हे चांगलंच ना?

गॅस्केट

मिसळतो, पण दाबून कुठे नेतो ते बघा. स्थिर उभं असताना किंवा बाजूच्या वाऱ्यात तोच झोत शेपटीच्या नळीवर आदळतो. आगीतून फुफाट्यात.

हिशेब असा. सप्रेसरचं तोंड ०.१५ चौरस मीटर, ४५० केल्व्हिन. ८ ते १२ मायक्रॉनमध्ये ३०० केल्व्हिनच्या पार्श्वभूमीपेक्षा ते सुमारे ७८ वॅट जास्त सोडतं. आता शेपटीची तीन चौरस मीटर कातडी ३०० वरून फक्त ३४० केल्व्हिनवर गेली असं धरा. हात लावला तर चटका बसेल एवढंच तापमान. त्याच पट्ट्यात ती सुमारे २८५ वॅट जास्त सोडते, उत्सर्जकता दोन्हीकडे सारखीच धरून. नोझलपेक्षा साडेतीन पट, आणि बाजूने सरळ दिसणारी. ३ ते ५ मायक्रॉनच्या जुन्या सीकरला यातलं फारसं दिसत नाही, म्हणून पूर्वी हे खपून गेलं. आताचे प्रतिमा पाहणारे सेन्सर लांब शेपटीचा आकार ओळखतात.

तपासायला खर्च नाही. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मीटरवर तापमानाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या चिकटवा, ४० ते ९० अंश सेल्सियसच्या. एकदा डाव्या, एकदा उजव्या वाऱ्यात स्थिर उभं करा, एकदा सावकाश पुढे न्या. ज्या पट्ट्या ६५ च्या वर गेल्या त्या बाजूला नोझलचं तोंड चार-पाच अंशांनी बाहेर वळवून पुन्हा बघा. फार बाहेर वळवलं तर टर्बाइन बाजूने डोकावू लागते, तेव्हा प्रत्येक बदलानंतर मागच्या तिरक्या कोनातून आत नजर टाकायला विसरू नका, आणि हे इंजिन बंद असताना टॉर्चने करा. टॉर्चचा उजेड टर्बाइनच्या पात्यावर पडला की सीकरलाही तिथून ती दिसते.